कुबट वासाचा माग

जुलैमधली सकाळ. शर्ट धुतलेला, इस्त्री केलेला. घालताना नाकाजवळ धरला तरी काही जाणवत नाही. स्टेशनपर्यंत चालत जाईतो घाम येतो, खांद्यावर पावसाचे चार थेंब पडतात आणि गाडीच्या गर्दीत उभं राहिल्यावर त्याच शर्टाला ओल्या पोतेऱ्यासारखा वास येऊ लागतो. पावसाळ्यात मुंबईत किंवा कोकणात राहिलेल्या कुणालाही हे सांगायला नको. दोष आपण घामाला देतो. पण घाम येऊन दहा मिनिटंही झालेली नसतात आणि ताज्या घामाला स्वतःचा असा वास जवळजवळ नसतोच. वास शर्टातच होता, फक्त कोरडा होता.

जपानमधल्या संशोधकांनी घराघरांतून असे ‘धुतलेले पण वास येणारे’ कपडे गोळा करून त्यांचा माग काढला. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधानुसार या वासातला मुख्य घटक म्हणजे ४-मिथाइल-३-हेक्झिनॉइक आम्ल, आणि ते तयार करणारा जीवाणू म्हणजे मोराक्झेला ऑस्लोएन्सिस. आपल्या अंगावरचा तेलकटपणा धुण्यात पूर्णपणे निघत नाही. धाग्यांत राहिलेल्या त्या अंशावर हा जीवाणू वाढतो. त्याची चिवट गोष्ट अशी की कोरडेपणा तो सोसतो आणि सूर्यप्रकाशातल्या अतिनील किरणांनाही बऱ्यापैकी दाद देत नाही. कपडा वाळला म्हणजे तो मरत नाही, नुसता थांबतो. पुन्हा ओल मिळाली की कामाला लागतो. इस्त्रीच्या शर्टाला गाडीत वास येतो तो यामुळे.

म्हणून पावसाळ्यात कपडा किती वेळा धुतला यापेक्षा तो किती वेळ ओला राहिला हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं. धुणं मशीनमध्ये किंवा बादलीत पिळून तसंच ठेवलं आणि संध्याकाळी वाळत घातलं, तर तेवढे तास जीवाणूंना फुकट मिळतात. दोरीवर कपड्याला कपडा चिकटलेला नको. उंच दांडीवर घातलेल्या कपड्यांवर पंखा सोडला तर वाळायचा वेळ बराच कमी होतो. ज्या टॉवेलात वास मुरलाच आहे, त्याला सुवासिक द्रव्यं घालून काही होत नाही. तो सुती असेल तर ६० अंशांच्या किंवा त्याहून गरम पाण्यात धुवावा. परीट पूर्वी कपडे सोड्यासह भट्टीत घालत. त्या भट्टीने मळ सुटायचा आणि जीवाणूही मरायचे.

सगळे धागे मात्र सारखे नसतात. ६५ टक्के आर्द्रतेच्या हवेत कोरडा दिसणारा सुती कपडा स्वतःच्या वजनाच्या सुमारे ८.५ टक्के पाणी धरून असतो, रेशीम ११ टक्के, लोकर १६ टक्क्यांच्या आसपास आणि पॉलिएस्टर जेमतेम ०.४ टक्का. पॉलिएस्टर पाणी घेत नाही, तेल मात्र आवडीने धरून ठेवतं. बेल्जियममधल्या गेंट विद्यापीठात २६ जणांना व्यायाम करायला लावून त्यांचे टी-शर्ट तपासले, तेव्हा सुती कपड्यांपेक्षा पॉलिएस्टरचा वास जास्त उग्र निघाला. मायक्रोकॉकस जातीचे जीवाणू त्यावर विशेष फोफावले होते. हा निबंध २०१४ चा. जिमचा टी-शर्ट एकदा घातला की धुवायलाच हवा, आणि जीन्स चार वेळा घातली तरी चालते, यामागे धाग्याचा हा स्वभाव आहे आणि कपडा अंगाच्या कुठल्या भागाला लागतो तेही आहे. काखेला आणि जांघेला थेट लागून राहणारं सगळं रोज धुवावं. शाल, जाकीट, वरून घालायचं जॅकेट हे रात्रभर हवेशीर टांगलं तरी पुरतं.

मधल्या कपड्यांचं काय? एकदाच लग्नाला घातलेला कुर्ता, दोन तास नेसलेली साडी? नाकावर पूर्ण भरवसा ठेवू नये, कारण स्वतःच्या वासाला नाक लवकर सरावतं. मी करतो ते असं: काखेच्या जागी आतून कोमट पाण्याचा बोट-दोन बोटं ओलावा देतो, मिनिटभर थांबतो आणि मग वास घेतो. ओल आणि ऊब मिळाली की धाग्यात बसलेला वास बाहेर येतो. वास आला तर धुणं. (रेशमावर आणि पाण्याचा डाग पडणाऱ्या कापडावर मात्र हे करू नये.)

कपडा रोजच्या वापरातला असेल तर एवढ्याने भागतं. सहा महिने कपाटात जायचा असेल तर निकष बदलतो. तिथे एकदा घातलेला कपडाही न धुता ठेवू नये. आज न दिसणारा घाम आणि तेल हवेतल्या ऑक्सिजनशी हळूहळू संयोग पावून पिवळं पडतं. पांढरा सदरा स्वच्छ म्हणून ठेवला आणि दिवाळीत काढला तर कॉलर पिवळी, ती यामुळे. सांडलेल्या सरबताची साखर सुकल्यावर दिसत नाही, काही महिन्यांनी तिथे तपकिरी डाग उमटतो. त्या मानाने हळद प्रामाणिक. ती लगेच दिसते, साबण लावला की लाल होते, कारण तिच्यातलं कर्क्युमिन अल्कलीत रंग बदलतं. पुन्हा नुसत्या पाण्यात खळबळलं की पिवळी, आणि कडक उन्हात दोन दिवस टाकलं की बहुतेक डाग उडतो. प्रकाशात कर्क्युमिनचे रेणू तुटतात. डाग लाल झाला म्हणून घाबरून कपडा फेकू नका.

कसरही याच न दिसणाऱ्या मळाच्या मागावर येते. आपण कसर म्हणतो त्यात दोन वेगळे जीव आहेत. चंदेरी, माशाच्या आकाराचा, बिनपंखी कीटक खळ, कागद आणि सुती धागा खातो, म्हणून खळ घातलेल्या साड्या वर्षभर ठेवायच्या असतील तर खळ काढून ठेवाव्यात. लोकर आणि रेशीम खाते ती एका लहानशा पतंगाची अळी. उडणारा पतंग काहीच खात नाही, त्याला खाण्याचं तोंडच नसतं. अळीला नुसती लोकर पुरत नाही, घामातली आणि अन्नाच्या डागांतली पोषकद्रव्यंही लागतात. स्वेटरला भोकं पडतात ती बहुधा मळलेल्या जागी.

यावर घरोघरी उपाय एकच, डांबरगोळ्या. मराठीने हे नाव अगदी नेमकं ठेवलंय. या गोळ्या ज्याच्या असतात ते नॅफ्थलीन दगडी कोळशाच्या डांबरातूनच काढत. शाळेत संप्लवन शिकताना हेच उदाहरण असतं: गोळी वितळत नाही, थेट वाफ होऊन झिजते. ती वाफ कीटकांना मारते, पण आपणही ती श्वासातून घेतो. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००२ मध्ये नॅफ्थलीन ‘संभाव्य कर्करोगकारक’ गटात घातलं. त्याहून तातडीचा धोका तान्ह्या बाळांना आहे. काही मुलांच्या, विशेषतः मुलग्यांच्या, तांबड्या पेशींत जी-सिक्स-पीडी नावाचं विकर कमी असतं. अशा बाळाला डांबरगोळ्यांत ठेवलेली दुपटी गुंडाळली तर तांबड्या पेशी फुटून गंभीर कावीळ होऊ शकते. हे घडल्याच्या नोंदी वैद्यकीय वाङ्मयात आहेत. आपल्याकडे थोरल्याची झबली-कुंच्या धाकट्यासाठी जपून ठेवतात, ती प्रेमाची गोष्ट आहे. पण त्यांत ही गोळी एकही नको. तिथे कपडे धुऊन, कडकडीत वाळवून सुती कापडात बांधले तर पुरेसं आहे. मोठ्यांच्या कपड्यांत पूर्वीसारखी वेखंडाची पुरचुंडी चालते, त्यातलं असारोन कीटकांना नकोसं असतं. लोकरीत अळी शिरलीच, तर कपडा प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून उणे १८ अंशांच्या फ्रीझरमध्ये आठवडाभर ठेवावा.

बुरशीला मात्र मळही लागतो आणि ओलही. हवेतली आर्द्रता ७० टक्क्यांवर बराच काळ राहिली की ती उगवते, आणि आपल्याकडे जुलै-ऑगस्टमध्ये ती ८० च्या वर सहज असते. बाहेरच्या भिंतीला टेकवलेलं कपाट मागून थंड पडतं, तिथली हवा आणखी दमट होते, म्हणून मागच्या बाजूला चार बोटं जागा सोडावी. इस्त्री केलेला गरम कपडा वाफेसह घडी करून आत ढकलू नये, अर्धा तास बाहेर गार होऊ द्यावा. प्लास्टिकचं कव्हर तर आतली ओल आतच कोंडतं.

पैठणी जुन्या सुती धोतरात गुंडाळायची आजीची रीत मला म्हणूनच पटते. दमट हवेतली ओल आधी सुती कापड पितं, कोरड्या दिवशी सोडून देतं, आणि आतल्या रेशमापर्यंत चढउतार कमी पोचतात. खऱ्या जरीत चांदी असते आणि हवेतल्या गंधकाच्या संयुगांनी ती काळवंडते. अत्तर नेसलेल्या साडीवर मारू नये, लोकरीच्या शालीशेजारी पैठणी ठेवू नये, कारण लोकरीत गंधक असतं. आणि तीन-चार महिन्यांनी घडी मोडून दुसऱ्या जागी घालावी, नाहीतर रेशीम घडीवरच चिरतं. ऑक्टोबरात ऊन कडक झालं की सुती कपडे, गोधड्या गच्चीवर पसराव्यात. पैठणी तेवढी सावलीत, वाऱ्यावर, उलट्या बाजूने.