स्टार्टअप अनुदानाचा प्रस्ताव: नमुना कुठे तंतोतंत पाळायचा, कुठे स्वतःचं लिहायचं

पऱ्हाटीच्या (कपाशीच्या वाळलेल्या झाडांच्या) काड्यांपासून पेलेट म्हणजे जळणाच्या गोळ्या, संत्र्याच्या सालीपासून तेल, मोहफुलांपासून खाद्यपदार्थ. यवतमाळ, वाशीम, गडचिरोलीकडची मुलं-मुली आता अशा कल्पना घेऊन स्टार्टअपच्या अनुदानासाठी अर्ज करतात. कल्पना बऱ्याचदा चांगली असते, पण गाडी प्रस्तावाच्या नमुन्यापाशी अडते. कुणी नमुना बाजूला सारून दहा पानांचा निबंध लिहितो, तर कुणी दुसऱ्याच्या प्रस्तावात फक्त नाव आणि गाव बदलतो. दोन्ही प्रस्ताव पहिल्याच चाळणीत मागे पडतात.

माझं मत स्पष्ट आहे. सांगाडा योजनेचा, त्यात काडीचाही बदल करायचा नाही. मजकूर मात्र पूर्ण तुमचा, त्यात एक ओळही उसनी नको.

‘नमुना’ म्हणून गावात दोन वेगळ्या गोष्टी फिरतात, हे आधी ध्यानात घ्या. एक म्हणजे योजनेच्या पोर्टलवरचा किंवा इनक्युबेटरने (नव्या उद्योगांना निवडून मदत आणि निधी देणाऱ्या संस्थेने) दिलेला अर्ज. दुसरी म्हणजे व्हॉट्सॲपवर आलेली ‘मंजूर झालेला प्रस्ताव’ नावाची फाईल. पहिला नमुना हा नियम आहे. दुसरी फाईल एकदा वाचा आणि बंद करा. ती समोर उघडी ठेवून लिहायला बसलात की तिची वाक्यं तुमच्या अर्जात उतरतातच. इनक्युबेटरची समिती अर्जांचे गठ्ठे एकत्र वाचते. तेच वाक्य तिसऱ्या अर्जात दिसलं की तुमच्या खऱ्या माहितीवरही शंका येते.

आधी योजना, मग नमुना

चुकीच्या योजनेचा अर्ज कितीही नेटका भरला तरी उपयोग नाही, म्हणून पात्रता आधी तपासा.

केंद्राची स्टार्टअप इंडिया सीड फंड योजना २०२१ मध्ये सुरू झाली. यात संकल्पना सिद्ध करणं, प्रोटोटाइप (चाचणीसाठी बनवलेली पहिली वस्तू) आणि चाचण्या यांसाठी २० लाखांपर्यंत अनुदान मिळू शकतं. बाजारात उतरण्यासाठी ५० लाखांपर्यंतची मदत आहे, पण ती कर्ज किंवा परिवर्तनीय (पुढे कंपनीच्या हिश्श्यात बदलता येणाऱ्या) रोख्यांच्या रूपात असते, हे नीट वाचा. संस्थेला डीपीआयआयटीची (केंद्राच्या उद्योग संवर्धन आणि अंतर्गत व्यापार विभागाची) स्टार्टअप मान्यता हवी, अर्जाच्या वेळी नोंदणी होऊन दोन वर्षांपेक्षा जास्त काळ झालेला नको आणि भारतीय प्रवर्तकांचा हिस्सा किमान ५१ टक्के हवा. केंद्र किंवा राज्याच्या दुसऱ्या योजनेतून १० लाखांहून जास्त आर्थिक मदत घेतलेली नको. स्पर्धेत मिळालेलं बक्षीस किंवा प्रयोगशाळा वापरायची सवलत या १० लाखांत धरत नाहीत. हे ठाऊक नसल्याने काही जण उगाच अर्जच करत नाहीत. एका वेळी पसंतीक्रमाने तीन इनक्युबेटरकडे अर्ज करता येतो.

अजून कंपनी काढलेली नाही आणि हातात घेता येईल अशी वस्तू बनवायची आहे? मग केंद्राच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाची निधी-प्रयास योजना पाहा. त्यात व्यक्तीलाही अर्ज करता येतो आणि प्रोटोटाइपसाठी १० लाखांपर्यंत मदत मिळते. नुसत्या ॲपसाठी ती नाही. शेतीतल्या कल्पनांसाठी राष्ट्रीय कृषी विकास योजनेतला कृषी-स्टार्टअप कार्यक्रम आहे. त्यात कल्पनेच्या टप्प्यावर ५ लाख आणि बीज टप्प्यावर २५ लाखांपर्यंतची तरतूद आहे, पण काही वाटा स्वतः उचलावा लागतो. कोणत्या इनक्युबेटरचे अर्ज सध्या खुले आहेत, हे पोर्टलवर पाहूनच लिहायला बसा.

आता एक गोष्ट कटू वाटली तरी सांगतो. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाची पीकेव्ही मिनी डाळ मिल घेऊन तुरीची डाळ विकणं हा चांगला धंदा आहे, पण स्टार्टअप अनुदानाला लागणारं नावीन्य त्यात नाही. अशा धंद्यासाठी पीएमएफएमई ही लहान अन्नप्रक्रिया उद्योगांची केंद्राची योजना आहे. तिच्यात पात्र प्रकल्प खर्चाच्या ३५ टक्के, जास्तीत जास्त १० लाख रुपये, कर्जाशी जोडलेलं अनुदान मिळतं. डाळ मिल, हळद दळणं, मसाला कांडप यांना ती रास्त जागा आहे.

बँकेचा प्रोजेक्ट रिपोर्ट इथे चालत नाही

तालुक्याच्या गावी प्रस्ताव म्हटलं की सीएकडचा प्रोजेक्ट रिपोर्ट डोळ्यासमोर येतो: यंत्रसामग्री, खेळतं भांडवल, पाच वर्षांचा नफा, परतफेडीचा तक्ता. बँकेला तो लागतो, कारण बँकेचा प्रश्न असतो की पैसे परत येतील का. अनुदान देणाऱ्या समितीचा प्रश्न वेगळा असतो: आज तुम्हाला काय माहीत नाही आणि हे पैसे खर्च झाल्यावर काय कळलेलं असेल? सीड फंडाच्या मूल्यांकनात कल्पनेची गरज, व्यवहार्यता, परिणाम, नावीन्य, टीम आणि निधी वापराचा आराखडा पाहतात. परतफेडीचा तक्ता यात कुठे बसत नाही.

समजा तुम्ही पऱ्हाटी बारीक करणारं यंत्र बनवताय. ‘समस्या’ या रकान्यात सर्रास दिसणारं वाक्य असं असतं: ‘विदर्भातील शेतकरी आत्महत्या ही गंभीर समस्या असून आमचा उपक्रम त्यावर प्रभावी उपाय आहे.’ कृपा करून हे लिहू नका. आपल्या गावागावांतलं हे दुःख रकाना भरण्यासाठी वापरायचं नसतं, आणि त्या वाक्यातून तुमच्या यंत्राबद्दल काहीच कळत नाही. त्याऐवजी असं लिहा: ‘वेचणी संपल्यावर पऱ्हाटी उपटायला मजूर लावावे लागतात. उपटलेली काडी फुगीर असल्याने ट्रॉलीत कमी बसते आणि वाहतूक परवडत नाही. म्हणून शेतकरी ती धुऱ्यावर (बांधावर) जाळतो किंवा शेतात उभी ठेवतो. उभ्या पऱ्हाटीत गुलाबी बोंडअळी टिकून राहते. आमचं यंत्र ट्रॅक्टरच्या पीटीओवर (मागच्या फिरत्या दांड्यावर) चालतं आणि धुऱ्यावरच काडी बारीक करतं.’ रकाना तोच आणि शब्दमर्यादाही तीच, पण वाचणाऱ्याला शेत दिसतं आणि यंत्र कुठे बसतं ते समजतं.

‘स्पर्धक’ रकान्यात ‘कोणी नाही’ कधीच लिहू नका. या उदाहरणात खरा स्पर्धक काडीपेटी आहे. जाळायला शेतकऱ्याला जवळजवळ काही खर्च येत नाही. तुमच्या सेवेने त्याला त्याहून जास्त काय मिळेल, याचं उत्तर त्या रकान्यात हवं.

बाजारपेठेच्या रकान्यात टॅम (एकूण बाजार), सॅम (त्यातला तुमच्या वस्तूला लागू भाग), सॉम (त्यातला तुम्ही प्रत्यक्ष गाठू शकाल तेवढा भाग) असे तीन आकडे मागतात. तिन्ही भरा, एकही गाळू नका. पण तिसरा आकडा इंटरनेटवरून घेऊ नका. तालुका कृषी अधिकारी कार्यालयातल्या पेरणी अहवालातून कपाशीचं क्षेत्र घ्या, एका हंगामात यंत्र किती गावं फिरेल याचा हिशेब मांडा आणि तो आकडा कसा काढला हे एका ओळीत सांगा. लहान आकड्याची लाज वाटायचं कारण नाही.

एखादा रकाना आपल्याला लागूच होत नसेल तर तो रिकामा ठेवू नका, ‘लागू नाही’ लिहून अर्ध्या ओळीत कारण द्या. जास्तीचं सांगायचं असेल तर नवा मथळा घालू नका. जवळच्या रकान्यात बसवा किंवा परवानगी असेल तर परिशिष्ट जोडा. मथळ्यांचा क्रम, शब्दमर्यादा, फाईलचा प्रकार आणि आकार यांत तडजोड नाही. इंग्रजीत लिहायचं असेल तर आधी आपल्या बोलीत पूर्ण लिहून काढा आणि मग इंग्रजी करा, म्हणजे उसनी वाक्यं शिरत नाहीत.

पैसे आणि महिने

सीड फंडाचे पैसे कोणतीही सुविधा उभारायला वापरता येत नाहीत. आपल्याकडे पहिली मागणी टिनशेडची असते आणि तिथेच बजेट अडकतं. शेड, जागा, बांधकाम काढून टाका. ‘यंत्रसामग्री ८ लाख’ अशी मोघम ओळही नको. कटर असेंब्ली, वेगवेगळ्या ब्लेडचे नमुने, चाचणीचं डिझेल, मजुरी असं फोडून लिहा आणि प्रत्येक मोठ्या रकमेला कोटेशन जोडा. हिंगणा किंवा बुटीबोरी एमआयडीसीतल्या फॅब्रिकेशनवाल्याचं लेखी कोटेशन पुरेसं बोलकं असतं.

टप्प्यांचा तक्ता ‘महिना १, महिना २’ असा छापलेला असतो, आणि आपल्या शेतीच्या कल्पना बहुतेक तिथेच फसतात. वेचणी आटोपल्याशिवाय पऱ्हाटी मिळत नाही आणि आंबिया किंवा मृग बहार आल्याशिवाय संत्रं मिळत नाही. तक्त्याचे रकाने तसेच ठेवा, पण टप्प्याच्या वर्णनात हंगाम लिहा. निधी पावसाळ्यात हाती आला तर तोवर साठवलेल्या काडीवर कोणती चाचणी घेणार आणि शेतातली चाचणी कधी, हेही लिहा. हप्ते या टप्प्यांवरच मिळतात. फेब्रुवारीत होणारं काम ऑगस्टमध्ये दाखवलंत तर पुढचा हप्ता थांबेल.

कागदपत्रं

डीपीआयआयटी मान्यतेचं प्रमाणपत्र, कंपनी, एलएलपी किंवा भागीदारी संस्थेचं नोंदणीपत्र, संस्थेचं पॅन, बँक खातं, हिस्सेदारीचा तपशील, संस्थापकांची ओळखपत्रं आणि सादरीकरणाची फाईल तयार ठेवा. उद्यम नोंदणी म्हणजे स्टार्टअप मान्यता नव्हे. दोन्ही पोर्टलवर सरकारी शुल्क नाही. प्रोप्रायटरशिपला (एकट्याच्या मालकीच्या धंद्याला) स्टार्टअप मान्यता मिळत नाही. आधारवर वडिलांचं नाव मधे आहे आणि पॅनवर नाही, असा फरक असेल तर तो अर्जाआधी दुरुस्त करून घ्या.

निवडीसाठी, निधी देण्यासाठी किंवा देखरेखीसाठी इनक्युबेटरने अर्जदाराकडून शुल्क घ्यायचं नाही, असं सीड फंडाच्या मार्गदर्शक सूचनांत आहे. ‘मंजुरी करून देतो, इतके टक्के द्या’ म्हणणाऱ्याला दारातूनच परत पाठवा.

मंजुरीनंतर प्रस्तावातले टप्पे आणि खर्चाच्या ओळी करारात जातात. पुढचा हप्ता मागताना प्रगती अहवाल आणि उपयोगिता प्रमाणपत्र (पैसे कशावर खर्च झाले याचा दाखला) त्याच ओळींशी ताडून पाहतात. ब्लेडचा खर्च वाढून डिझेलचा कमी झाला, तर आधी इनक्युबेटरची लेखी संमती घ्या, मग खर्च करा, आणि प्रत्येक बिल संस्थेच्या नावावरच घ्या.