होमोसिस्टीनचं रक्त पर्समधून आणू नका

"मेंदूच्या नसा जपणारं एन्झाइम असतं म्हणे, ते तपासून मिळेल का?" हा प्रश्न आमच्या लॅबच्या काउंटरवर रोज येतो. असं एन्झाइम आहे. रक्तवाहिनीच्या आतल्या अस्तरातलं नायट्रिक ऑक्साइड सिंथेज नायट्रिक ऑक्साइड वायू बनवतं, त्यामुळे वाहिनी सैल राहते (या वायूच्या कामाच्या शोधाला १९९८ चं नोबेल मिळालं). मेंदूचं वजन शरीराच्या जेमतेम २ टक्के, पण ऑक्सिजन लागतो सुमारे २० टक्के, म्हणून तिथे हे काम फार मोलाचं.

पण हे एन्झाइम नेहमीच्या रक्ततपासणीत मोजत नाहीत. मोजतात ते होमोसिस्टीन, म्हणजे रक्तातलं एक अमिनो आम्ल. ते वाढलं की हा वायू कमी पडतो आणि अस्तर दुखावतं. होमोसिस्टीनचा निचरा करणाऱ्या दुसऱ्या एन्झाइमला बी-१२ आणि फोलेट ही जीवनसत्त्वं लागतात. शाकाहारी घरांत बी-१२ बरेचदा कमी निघतं, म्हणून होमोसिस्टीन आणि बी-१२ या दोन्ही तपासण्या एकत्र केलेल्या बऱ्या.

आता खरा त्रास. सोसायटीतल्या सिस्टरकडून रक्त काढून घेतात, ट्यूब पर्समध्ये टाकतात, घोडबंदरच्या ट्रॅफिकमधून दीड-दोन तासांनी ठाण्यात नौपाड्याला आमच्याकडे पोहोचतात. तोवर ट्यूबमधल्या लाल पेशी होमोसिस्टीन सोडतच असतात. पेशी वेगळ्या केल्या नाहीत, तर साध्या तापमानाला आकडा तासाला साधारण १० टक्क्यांनी चढतो. साधारण १५ पर्यंत ठीक मानतात. १४ चा माणूस १७ वर जातो आणि घरभर घाबरगुंडी. मग पुन्हा सुई, पुन्हा उपाशीपोटी येणं.

असं सॅम्पल आम्ही परत करतो. काहींना राग येतो, पण चुकीचा रिपोर्ट हातात देणं आम्हाला जमणार नाही. आमचा सॅम्पल घेणारा मुलगा घरी येतो तेव्हा ट्यूब लगेच बर्फाच्या डब्यात जाते आणि तासाभरात सेंट्रिफ्यूजमध्ये (गरगर फिरवून पेशी वेगळ्या करणारं यंत्र) फिरते. घरपोच सॅम्पलचे जास्त पैसे त्याचेच आहेत. माजिवड्यापासून कासारवडवलीपर्यंत सकाळी ७ ते ९ येतो. आदल्या संध्याकाळी फोन करा. १० तास उपाशी राहा, पाणी चालेल. बी-१२ ची गोळी किंवा इंजेक्शन चालू असेल तर आधी सांगा, नाहीतर आकड्याचा अर्थ लागत नाही.

रिपोर्ट डॉक्टरांना दाखवा, स्वतःहून गोळ्या सुरू करू नका. आणि कुणाचं तोंड अचानक वाकडं झालं, एक हात गळाला किंवा बोलणं अडखळलं, तर आमच्याकडे येऊ नका. त्याच क्षणी हॉस्पिटल गाठा.