सात रस्त्यापासून किती लांब?

सोलापूर स्टेशनबाहेर रिक्षावाल्याला विचारा, "सिद्धेश्वर मंदिर किती लांब आहे हो?" तो किलोमीटर सांगत नाही. "दहा मिनिटांत सोडतो की," म्हणतो. त्यानं वाट वेळेत मोजली, आणि ते अगदी शास्त्राला धरून आहे. वाटेची लांबी काढायची तर आधी ठरवावं लागतं, की मोजायचं काय.

संगणकाला शहर दिसतं ते ठिपक्यांचं आणि रेघांचं. चौक म्हणजे ठिपका, रस्ता म्हणजे रेघ. नुसत्या रेघा मोजल्या तर एक उत्तर येतं; प्रत्येक रेघेवर मिनिटं लिहून बेरीज केली, तर दुसरंच. सर्वांत कमी बेरजेची वाट शोधायची युक्ती डाइक्स्ट्रा या डच शास्त्रज्ञाला १९५६ मध्ये ॲमस्टरडॅमच्या एका कॅफेत, कागद-पेन्सिलीशिवाय, वीसेक मिनिटांत सुचली. समजा, सोलापूरच्या सात रस्ता चौकातून निघालो. सर्वांत जवळचा चौक पक्का करायचा, त्याच्या शेजारच्या चौकांचे आकडे सुधारायचे, मग उरलेल्यांतला सर्वांत जवळचा पक्का करायचा. पक्का झालेला चौक पुन्हा तपासायची गरजच नाही, कारण कुठलाच रस्ता उणे मिनिटांचा नसतो. मला यातलं हे सगळ्यात सुंदर वाटतं. जानेवारीत गड्डा, म्हणजे सिद्धेश्वराची जत्रा, भरला की नकाशा तोच राहतो, रेघांवरचे आकडे तेवढे बदलतात आणि कालची जवळची वाट लांबची होते.

प्रकाशाचा हिशेबही वेळेचाच. पाण्यात तो मंदावतो, म्हणून ३ मीटर पाणी त्याला हवेतल्या जवळपास ४ मीटरएवढं पडतं.

रंगाच्या प्रयोगशाळेत मात्र वेळ बाजूला राहते. चादरीचं सूत रंगवायच्या पाण्यात रंग किती आहे, हे प्रकाश आरपार सोडून मोजता येतं. त्यासाठीच्या चौकोनी काचपात्राची आतली रुंदी बहुधा नेमकी १ सेंटिमीटर असते. घरी पाहायचं तर उंच, अरुंद पेल्यात पाणी घेऊन खाण्याच्या लाल रंगाचा एक थेंब ढवळा आणि पेला पांढऱ्या कागदावर ठेवा. बाजूनं पाणी फिकट दिसेल, वरून गडद. रंग तेवढाच आहे. वरून बघताना प्रकाशाची वाट लांब झाली. १ सेंटिमीटरमधून दहा टक्के प्रकाश पार होत असेल, तर २ सेंटिमीटरमधून पाच नव्हे, एकच टक्का होतो. दुसरा सेंटिमीटर उरलेल्या दहातलाही दहावा हिस्साच पुढे सोडतो.