सातासमुद्रापारचा पाव सेकंद

परदेशी राहणाऱ्या मुलांशी किंवा नातवंडांशी व्हिडिओ कॉलवर बोलताना एक गोष्ट हमखास घडते. दोघेही एकदम बोलू लागतात, दोघेही एकदम थांबतात, मग ‘तू बोल’, ‘नाही, तुम्ही बोला’ असे होते आणि बोलण्याची लय मोडते. चित्र स्वच्छ असते, आवाज खणखणीत असतो, तरीही संभाषण अडखळते. ‘नेट स्लो आहे’ असे म्हणून आपण विषय संपवतो. परंतु नेटचा कितीही महागडा प्लॅन घेतला तरी न जाणारा एक विलंब या संवादात असतोच, आणि माणसे एकमेकांविषयी काय ग्रह करून घेतात यावर त्याचा परिणाम होतो.

समोरासमोर बोलताना एकाचा प्रश्न संपणे आणि दुसऱ्याचे उत्तर सुरू होणे यांत किती वेळ जातो? 2009 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात जगभरातील दहा भाषांमधील प्रश्नोत्तरे मोजली गेली, तेव्हा हे अंतर सरासरी 200 मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाचा जेमतेम पाचवा भाग, भरले. इतक्या कमी वेळात उत्तर मुळातून जुळवता येत नाही. समोरच्याचे वाक्य चालू असतानाच ते कुठे संपणार याचा अंदाज बांधून मेंदू आपले शब्द तयार ठेवत असतो.

आता हाच प्रश्न मुंबईहून न्यूयॉर्कला पाठवून पाहू. सरळ अंतर सुमारे 12,500 किलोमीटर. आवाज तिथवर प्रकाशाच्या रूपात, ऑप्टिकल फायबर म्हणजे बारीक काचतंतूंच्या केबलमधून जातो. प्रकाश पोकळीत सेकंदाला तीन लाख किलोमीटर धावतो, पण ऑप्टिकल फायबरच्या काचेत त्याचा वेग साधारण दोन लाखांवर येतो. म्हणजे सरळ रेषेतही 62 मिलिसेकंद गेलेच. प्रत्यक्षात मुंबईच्या किनाऱ्यावरून निघणाऱ्या केबल अरबी समुद्र, तांबडा समुद्र, इजिप्त, भूमध्य समुद्र अशी वळणे घेत युरोप गाठतात आणि अटलांटिक त्यापुढे उरतोच. एकेरी प्रवासाला 100 मिलिसेकंदांच्या आसपास वेळ लागतो तो यामुळे.

बाकीचा वेळ आपल्या हातातील फोन खातो. आवाजाचे साधारण 20 मिलिसेकंदांचे तुकडे करून त्यांची पाकिटे पाठवली जातात. ही पाकिटे समान अंतराने पोहोचत नाहीत, म्हणून पलीकडचा फोन काही पाकिटे क्षणभर अडवून धरतो आणि मगच आवाज सलग ऐकवतो. वायफायचा सिग्नल कमजोर असेल तर ही अडवणूक वाढते, आणि ब्लूटूथचे इअरफोन त्यात आणखी भर घालतात. घरच्या घरी विलंब कमी करायचा असेल तर राउटरजवळ बसून वायरचा इअरफोन लावण्याइतका सोपा उपाय दुसरा नाही.

समजा, हे सारे मिळून एकेरी विलंब 200 मिलिसेकंद झाला. साताऱ्याहून आजीने विचारले, ‘जेवलास का रे?’ न्यू जर्सीतील नातवाने लगेच ‘हो आजी’ म्हटले, तरी प्रश्न जाण्याचे 200, त्याच्या उत्तरापूर्वीचे नेहमीचे 200 आणि उत्तर येण्याचे 200 मिळून आजीला अर्ध्या सेकंदाहून अधिक शांतता ऐकू येते. तिला वाटते, याने ऐकलेच नाही, म्हणून ती प्रश्न पुन्हा विचारते आणि त्याचे उत्तर नेमके त्याच प्रश्नावर येऊन आदळते. नातवाच्या बाजूने मात्र त्याने वेळेवरच उत्तर दिलेले असते.

आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या शिफारशीनुसार एकेरी विलंब 150 मिलिसेकंदांच्या आत असेल तर बहुतेक संभाषणे सुरळीत चालतात. उपग्रहामार्फत होणाऱ्या कॉलमध्ये हे शक्यच नव्हते. पुणे जिल्ह्यातील आर्वी येथे 1971 साली उपग्रह भूस्थानक सुरू झाले, तेव्हा आवाज जवळपास 36,000 किलोमीटर उंचीवरील उपग्रहापर्यंत जाऊन खाली उतरेपर्यंतच पाव सेकंद जात असे. तो पाव सेकंद विज्ञानाने बराच घटवला, ही लहान कामगिरी नव्हे.

विलंबाची खरी किंमत मात्र वेगळीच आहे. 2014 साली जर्मन संशोधकांनी मुद्दाम विलंब घालून संभाषणे घडवून आणली. उशीर तंत्राचा होता, पण बोलणाऱ्यांनी त्याचा दोष माणसाच्या माथी मारला: समोरची व्यक्ती त्यांना कमी लक्ष देणारी वाटली. दूरच्या मुलाचे ‘हल्ली मन नसते बोलण्यात’ असे ज्यांना वाटते, त्यांनी हा निष्कर्ष जरूर ध्यानात घ्यावा.

गणपतीत दोन देशांतील घरे व्हिडिओ कॉलवर एकत्र आरती म्हणू पाहतात, तेव्हा टाळ्या कधीच जुळत नाहीत. एकत्र ताल धरायचा तर आवाजातील विलंब साधारण 25 ते 30 मिलिसेकंदांपर्यंतच चालतो. हवेत ध्वनी तेवढ्या वेळात आठ-दहा मीटर, म्हणजे मांडवाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जातो. काचेत प्रकाश पाच-सहा हजार किलोमीटर. मुंबई-न्यूयॉर्क त्याच्या दुप्पट आहे, आणि उद्या या मार्गावर पोकळ गाभ्याचे, म्हणजे काचेऐवजी पोकळीतून प्रकाश नेणारे, फायबर येऊन प्रकाश जवळजवळ पूर्ण वेगाने धावू लागला, तरी 42 मिलिसेकंद लागतीलच. तेव्हा एका घराने माइक चालू ठेवून आरती म्हणावी आणि दुसऱ्या घराने माइक बंद करून त्यांच्या सुरात सूर मिळवावा, एवढेच आज करता येते.