चोपण जमिनीतील द्राक्षबाग : डॉगरिज खुंटाची पार्श्वभूमी

नीरा खोऱ्यात कालव्याच्या पाण्याने जमिनी बिघडल्याची तपासणी विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच झाली होती. ते दुखणे उसाचे. द्राक्षाला ते भिडले बोअरच्या पाण्यातून. बोअर खोल गेले आणि बायकार्बोनेटचे पाणी ठिबकमधून वेलीच्या बुडाशी पडू लागले. बायकार्बोनेटमुळे कॅल्शियम चुना होऊन बसतो आणि मातीच्या कणांवर सोडियम चढतो. विनिमययोग्य सोडियम, म्हणजे कणांना चिकटलेल्या क्षारघटकांतला सोडियमचा वाटा, १५ टक्क्यांवर गेला की जमीन चोपण धरतात; भारी काळ्या जमिनीत निचरा त्याआधीच बिघडतो.

१९९०च्या दशकात डॉगरिज खुंटावरच्या (खुंट म्हणजे ज्या मुळाच्या वेलीवर द्राक्षाचे कलम बांधतात तो) लागवडी झपाट्याने वाढल्या. टेक्सासच्या रानवेलीतून निवडलेला हा खुंट जोमदार, पाण्याचा ताण सोसणारा. तोवर बहुतेक बागा स्वतःच्या मुळांवर उभ्या होत्या. डॉगरिज नसता तर सांगली-सोलापूरकडच्या कित्येक बागा दुष्काळात टिकल्या नसत्या, हे मान्यच करायला हवे.

वाद पुढचा आहे. ‘क्षार सोसणारा खुंट’ या एका शिक्क्याखाली दोन वेगळे गुण एकत्र आले. क्षारयुक्त पाण्यावर वेल जगणे हा एक गुण. सोडियम मुळाशीच अडवून पानात न जाऊ देणे हा दुसरा. डॉगरिज पहिल्यात चांगला, दुसऱ्यात कमी. त्यावरच्या थॉमसन या द्राक्षजातीच्या पानांत सोडियम साचतो, पोटॅश घटते, पानांच्या कडा करपतात आणि मणी फुगण्याच्या काळात, ऐन गरजेला, पाने निकामी होतात. त्याच पाण्यावर ११०आर या दुसऱ्या खुंटावरच्या वेलीच्या पानांत सोडियम कमी आढळला. पोटॅशची कमतरता समजून नुसते पोटॅश वाढवत राहिले, तर मूळ कारण तसेच राहते. माझ्या मते डॉगरिजची शिफारस चुकली नव्हती; ती पाण्याच्या टंचाईपुरती होती आणि चोपण जमिनीलाही तशीच लागू केली गेली, हे नुकसानीचे झाले.

११०आरचा जोम बेताचा, त्यामुळे हलक्या जमिनीत वेलीचा सांगाडा (खोड आणि फांद्या) उशिरा तयार होतो. म्हणून नव्या लागवडीतही बागायतदार डॉगरिजकडे वळतात.

उभ्या बागेत खुंट बदलणे सोपे नाही. तिथे आधी पाण्याचा अहवाल पाहावा. जमिनीत चुनखडी असेल तर गंधक चालतो, पण तो सावकाश काम करतो. चुनखडी नसेल तर जिप्सम. दोन्हींनंतर सुटलेला सोडियम पावसाळ्यात मुळांच्या खाली धुऊन जायला निचऱ्याची वाट हवी, आणि पानदेठ परीक्षणात (पानाच्या देठातील अन्नद्रव्यांच्या तपासणीत) पोटॅशच्या शेजारी सोडियमचा आकडाही मागून घ्यावा.