फुकट आणि मुक्त : घरच्या कॉम्प्युटरसाठी सॉफ्टवेअर शोधताना

घरात नवीन लॅपटॉप आला की आठवड्याभरात मला कुणाचातरी फोन येतोच, कधी मावशीचा, कधी खालच्या मजल्यावरच्या काकांचा, की अगं फोटो बघायला आणि पत्रबित्र टाईप करायला काहीतरी फुकटातलं टाकून दे ना. मी आधी विचारते, फुकटातलं हवंय की मुक्त? त्यावर उत्तर ठरलेलं, म्हणजे काय, एकच ना ते. एक नाहीये ते, आणि फरक आज इन्स्टॉल करताना कळत नाही, सात-आठ वर्षांनी कळतो, म्हणून आधीच सांगून ठेवावंसं वाटतं.

खरं तर आपण मराठीवाले यात नशीबवान आहोत. इंग्रजीत दोन्हीला एकच शब्द, फ्री. पैसे पडत नाहीत तेही फ्री आणि बंधन नाही तेही फ्री, त्यामुळे तिकडे हा घोळ चाळीस वर्षं चाललाय. आपल्याकडे फुकट वेगळं आणि मुक्त वेगळं, कुणी शाळेत न शिकवता कळतं. फुकट हे किमतीबद्दल झालं, मुक्त हे हक्काबद्दल.

मुक्तची कहाणी एका प्रिंटरपासून सुरू होते. अमेरिकेत एमआयटी या विद्यापीठाच्या लॅबमधे रिचर्ड स्टॉलमन नावाचा प्रोग्रॅमर होता, १९८० च्या सुमारास लॅबला एक लेझर प्रिंटर भेट मिळाला, फुकटच आला होता तोही, पण कागद सारखा अडकायचा. जुन्या प्रिंटरच्या वेळी या लोकांनी सॉफ्टवेअरमधे स्वतः बदल करून सोय केली होती की कागद अडकला की कॉम्प्युटरवर मेसेज यायचा, नव्या प्रिंटरचा सोर्स कोडच, म्हणजे प्रोग्रॅमचा माणसाला वाचता-बदलता येणारा मूळ मजकूरच मिळेना, मागितला तर नकार मिळाला. प्रिंटर दारात, दुरुस्त करणारा माणूस दारात, आणि हात लावायची परवानगी नाही. पुढे १९८३ मधे त्याने मुक्त सॉफ्टवेअर बनवायचा ग्नू प्रकल्प जाहीर केला, १९८५ मधे फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशन काढलं, १९८९ मधे जीपीएल हे लायसन्स आलं. त्या विचाराचा गाभा चार हक्कांत आहे : सॉफ्टवेअर कुठल्याही कामाला वापरायचं, आतून कसं चालतं ते बघून बदलायचं, कॉपी करून दुसऱ्याला द्यायचं, आणि बदललेलं सुद्धा वाटायचं. हे चारही असतील तर ते मुक्त. पैशाचा यात कुठेच उल्लेख नाही बघा. (ओपन सोर्स हा शब्द १९९८ मधे आला, त्याच्या मागचा विचार थोडा वेगळा आहे पण घरच्या वापरापुरतं दोन्ही एकच धरलं तरी चालतं.)

मी मावशीला समजावताना पाणपोई आणि गावची विहीर असं सांगते. पाणपोईचं पाणी फुकट असतं, गार असतं, तहान भागते, पण माठ कुणाचा, तर ज्याने ठेवलाय त्याचा, उद्या त्याने उचलला तर आपण काही बोलू शकत नाही. विहीर गावाची असली की एकाने लक्ष द्यायचं सोडलं तरी दुसरे चार जण उतरून गाळ काढतात.

आता दोन खरी उदाहरणं समोरासमोर ठेवते.

पिकासा आठवतंय का? २००४ मधे गूगलने विकत घेतलं आणि सगळ्यांना फुकट दिलं, आणि खरंच सुंदर होतं, घरोघरी लग्नाचे, मुंजीचे, सहलीचे फोटो त्यातच लावलेले असायचे, चेहरे ओळखून नावं द्यायची सोय होती. १५ मार्च २०१६ ला गूगलने कॉम्प्युटरवरच्या पिकासाचा सपोर्ट बंद केला. ज्याच्याकडे होतं त्याचं चालत राहिलं, पण त्यापुढे दुरुस्ती नाही, नवीन व्हर्जन नाही. आणि लाखो लोकांचं आवडतं असून कुणाला ते पुढे नेता आलं नाही, कारण सोर्स कोड गूगलचा, लायसन्स गूगलचं. यातली खोच कुठे आहे ती जवळून बघा. पिकासामधे फोटो क्रॉप केला, उजेड वाढवला, की तो बदल मूळ फोटोत होतच नाही, त्या फोल्डरमधे पिकासा डॉट आयएनआय नावाची एक छोटी लपलेली फाइल असते, तिच्यात फक्त नोंद होते की अमुक फोटो इथून इथपर्यंत कापा. बहुतेकांच्या चेहऱ्यांची नावंही अशीच फोटोच्या बाहेर. मूळ फोटो सुरक्षित राहतो हा फायदा, पण दुसऱ्या प्रोग्रॅममधे तोच फोटो उघडला की तुमची मेहनत गायब, कारण ती चिठ्ठी वाचता येणारा एकच होता आणि तो गेला.

आता दुसरीकडे ओपनऑफिस बघा, पत्रं टाईप करायचं, हिशोब मांडायचं सॉफ्टवेअर. मुळात एका जर्मन कंपनीचं स्टारऑफिस, ते १९९९ मधे सन मायक्रोसिस्टिम्सने घेतलं आणि २००० मधे त्याचा सोर्स कोड खुला केला. २०१० मधे सनच ओरॅकलने विकत घेतली. त्यावर काम करणाऱ्या लोकांना शंका आली की आता याचं काय होणार, तर त्यांनी २८ सप्टेंबर २०१० ला डॉक्युमेंट फाउंडेशन काढलं, होता तोच कोड घेतला, नाव बदलून लिब्रेऑफिस ठेवलं आणि काम पुढे सुरू. कुणाची परवानगी घ्यावी लागली नाही, लायसन्सनेच ती दिलेली होती. आज लिब्रेऑफिस चालू आहे, नवीन व्हर्जन येत राहतात, मेनू मराठीत करता येतात, आणि फाइल ओडीएफ या फॉरमॅटमधे सेव्ह होते जो २००६ पासून आयएसओ या आंतरराष्ट्रीय संस्थेचं स्टँडर्ड आहे, सगळ्यांना खुला, म्हणजे उद्या लिब्रेऑफिस बंद पडलं तरी दुसरा कुणी ती फाइल उघडणारा प्रोग्रॅम लिहू शकतो. मालकाचा भरवसा उरला नाही हे दोन्हीकडे झालं, पण पिकासा तिथेच थांबलं आणि ओपनऑफिसचं लिब्रेऑफिस झालं, मला वाटतं सगळा फरक इथेच समजतो. जाता जाता, ओपनऑफिस हे नाव अजून शोधलं की सापडतं, अपाचे नावाच्या संस्थेकडे आहे ते, पण त्यात मोठं काही नवीन बऱ्याच वर्षांत आलेलं नाही, तुम्ही लिब्रेऑफिसच घ्या.

मराठी टायपिंगचं पण असंच झालं आणि हे तर आपल्या जिव्हाळ्याचं. गूगल इनपुट टूल्स विंडोजवर ऑफलाइन चालायचं, आपण जसं बोलतो तसं रोमन अक्षरात, namaste असं, लिहिलं की देवनागरी उमटायची, कितीतरी लोक त्याच्यावरच मराठी लिहायला लागले. मग गूगलने ते डाउनलोडला देणं बंद केलं. आता लोक ती जुनी इन्स्टॉलर फाइल कुठल्या कुठल्या साइटवरून उतरवतात, आणि मला त्याची खरंच भीती वाटते, कारण जो प्रोग्रॅम तुमचं प्रत्येक बटण ऐकतो, पासवर्डसकट, तो अनोळखी माणसाकडून घ्यायचा नसतो. त्याची गरजही नाही. विंडोज १० मधे २०१९ पासून मराठी फोनेटिक कीबोर्ड आतच आहे, सेटिंगमधे जाऊन मराठी भाषा टाकायची आणि कीबोर्ड निवडायचा. इनस्क्रिप्ट हा भारतीय भाषांचा ठरीव कीबोर्ड तर त्याच्याही आधीपासून आहे. आणि मुक्तच हवं असेल तर कीमॅन नावाचा टायपिंगचा प्रोग्रॅम आहे, त्यात देवनागरीचे कीबोर्ड मिळतात. फॉन्टसाठी मुंबईच्या ‘एक टाइप’ या फॉन्ट बनवणाऱ्या मंडळींनी केलेला मुक्ता बघा, नावातच सगळं आलं, ओपन फॉन्ट लायसन्सखाली आहे, लग्नपत्रिकेत वापरा, दुकानाच्या पाटीवर वापरा.

म्हणजे फुकट ते वाईट का? अजिबात नाही. इरफानव्ह्यू घ्या, फोटो बघायचा छोटासा प्रोग्रॅम, १९९६ पासून एक माणूस सांभाळतोय, जुन्यातल्या जुन्या मशीनवर पटकन उघडतो. पण तो मुक्त नाही. सोर्स कोड खुला नाही आणि लायसन्समधे सरळ लिहिलंय की घरच्या वापराला फुकट, धंद्याला वापरायचा तर पैसे भरा. घरी खुशाल वापरा, दुकानातल्या कॉम्प्युटरवर टाकताना मात्र हे आठवा. फाइली दाबून लहान करणारं विनरार तर फुकटही नाही, ४० दिवसांची चाचणी आहे ती, नंतर खिडकी येत राहते आणि लोक ती बंद करून वापरत राहतात, म्हणून सगळ्यांचा समज झालाय की ते फुकट आहे. तेच काम ७-झिप करतं, ते मुक्त आहे, रार फाइलसुद्धा उघडतं, मग ती खिडकी रोज कशाला बंद करत बसायची. आणि असेंबल करून देणाऱ्याने क्रॅक करून टाकलेलं ऑफिस किंवा फोटोशॉप हे यातलं काहीच नाही, ना फुकट ना मुक्त, ते चोरीचं आहे आणि क्रॅकमधून व्हायरस येतो तो वेगळाच.

उलट बाजू पण आहे, मुक्त असून पैसे पडतात असंही असतं. क्रिटा हे चित्रं काढायचं सॉफ्टवेअर, पोरांसाठी फार छान आहे, त्यांच्या स्वतःच्या साइटवर फुकट मिळतं आणि मायक्रोसॉफ्ट स्टोअरमधे तेच विकत. फसवणूक नाही ती, जीपीएल विकायला परवानगी देतं, आणि आलेला पैसा ते बनवण्यावरच जातो. आणि क्रोम-क्रोमियम या ब्राउझरांचं विचारतात त्यांच्यासाठी : क्रोमियम मुक्त, त्यावर गूगलने स्वतःच्या गोष्टी चढवून दिलेलं क्रोम फुकट. फायरफॉक्स मुक्त.

सुरक्षेबद्दल मात्र उगाच मोठ्या गप्पा मारू नयेत. २०१७ मधे सीक्लीनर या फुकट सफाई प्रोग्रॅमच्या ५.३३ व्हर्जनमधे कुणीतरी बाहेरून विष घुसवलं, कंपनीच्या स्वतःच्याच डाउनलोडमधून जवळजवळ महिनाभर ते २२ लाखांवर कॉम्प्युटरवर गेलं. मग मुक्तमधे होत नाही का? होतं. मार्च २०२४ मधे लिनक्स या मुक्त ऑपरेटिंग सिस्टिममधल्या एक्सझेड नावाच्या छोट्या मुक्त प्रोग्रॅममधे असंच चोरदार सापडलं, आंद्रेस फ्रॉइंड या इंजिनिअरला लॉगिन व्हायला साधारण अर्धा सेकंद जास्त का लागतोय याचा पिच्छा पुरवताना दिसलं. त्या दाराशी त्याचा काही संबंध नव्हता, तो त्या टीममधला नव्हता, पण कोड समोर होता म्हणून तो शेवटपर्यंत शोधत जाऊ शकला. सगळेच कोड वाचतात असं नाही, वाचायला कुणाला बंदी नाही, एवढंच मी म्हणेन, आणि माझ्या मते तेवढं पुष्कळ आहे.

खरा धोका घरच्या माणसाला डाउनलोडच्या पानावर असतो. मागे बाबांसाठी व्हिडिओ प्लेअर उतरवत होते, घाईत होते, सर्चमधली पहिली साइट उघडली, मधोमध मोठं हिरवं डाउनलोडचं बटण, दाबलं. ती जाहिरात होती. खरी लिंक खाली बारीक निळ्या अक्षरात होती. ब्राउझरचं पहिलं पान बदललं, वर दोन पट्ट्या बसल्या, काढायला अख्खा रविवार गेला आणि बाबा बिचारे म्हणत राहिले माझंच काहीतरी चुकलं असेल. तेव्हापासून मी नियम केलाय, बनवणाऱ्याचीच साइट. व्हीएलसी व्हिडिओलॅनच्या साइटवरून, ना नफा चालवणारी फ्रान्समधली संस्था आहे ती, तो ट्रॅफिकचा नारिंगी शंकू. २०२२ मधे फेब्रुवारीपासून नोव्हेंबरपर्यंत भारतात ती साइट बऱ्याच जणांना उघडतच नव्हती, ब्लॉक झाली होती, आणि त्या काळात कितीजणांनी भलत्या साइटवरून व्हीएलसी उतरवलं असेल कोण जाणे. ज्यांनी त्या काळात उतरवलंय त्यांनी एकदा काढून नव्याने टाकावं.

ओळखायचं कसं, तर प्रोग्रॅम उघडा, हेल्प मेनूत अबाउट म्हणून असतं तिथे जा. जीपीएल, एलजीपीएल, एमआयटी, बीएसडी, अपाचे, एमपीएल असं काही दिसलं तर मुक्त. फ्रीवेअर, किंवा फक्त वैयक्तिक वापरासाठी, असं दिसलं तर फुकट. ट्रायल लिहिलं असेल तर तेही नाही.

मी स्वतः कशी निवडते? ज्यात माझं काहीतरी साठतं तिथे मुक्तच, म्हणजे पत्रं, भिशीचे हिशोब, फोटोंची नावं, पासवर्ड. मावशीकडे पत्रं-हिशोबाला लिब्रेऑफिस, फोटोंना डिजिकॅम, पासवर्डला कीपासएक्ससी टाकून दिलंय. ज्यात काही साठत नाही, नुसतं बघायचं असतं, तिथे फुकट चाललं तरी माझी हरकत नसते.

आणि घरी जुन्या कॉम्प्युटरवर अजून पिकासा असेल तर ते मशीन चालू होतंय तोवर एक काम करून घ्या. आधी सगळ्या फोटोंची कॉपी दुसऱ्या डिस्कवर. मग पिकासामधे एकेक फोल्डर उघडून बदललेले फोटो डिस्कवर सेव्ह करा, म्हणजे चिठ्ठीतले बदल फोटोत उतरतील, मूळ फोटो ते आपोआप वेगळ्या लपलेल्या फोल्डरमधे ठेवतं. नंतर टूल्समधे एक्सपेरिमेंटल, त्यात चेहऱ्यांची नावं एक्सएमपीमधे, म्हणजे फोटोच्या फाइलच्या आतच, लिहायचा पर्याय आहे, तो चालवा, फोटो जास्त असतील तर वेळ लागतो, रात्रभर लावून ठेवा. सकाळी डिजिकॅममधे तेच फोल्डर उघडून बघा, आजीच्या चेहऱ्याभोवती चौकट आणि खाली तिचं नाव दिसलं की काम झालं.