आंतरवासिता, महाविद्यालयीन

पदवी किंवा पदविकेचा अभ्यासक्रम चालू असताना विद्यार्थ्याने ठरावीक मुदतीसाठी कारखाना, कार्यालय, प्रयोगशाळा, रुग्णालय वा सेवासंस्थेत रुजू होऊन, तेथील जाणत्या माणसांच्या देखरेखीखाली प्रत्यक्ष काम करीत शिकण्याची पद्धत. बोलण्यात इंटर्नशिप हाच शब्द सर्रास चालतो. मुदत काही आठवड्यांपासून वर्षभरापर्यंत असू शकते. काम संस्थेचे असले, तरी शिक्षणाची जबाबदारी महाविद्यालयाकडेही राहते, हे तिचे मुख्य लक्षण होय. प्रस्तुत नोंदीत या पद्धतीचा उगम आणि नव्याने रुजू होणाऱ्या विद्यार्थ्याने ध्यानात ठेवावयाच्या गोष्टी यांचा विचार केला आहे.

उगम : कारागिरांकडील शिकाऊ उमेदवारी ही आंतरवासितेची पूर्वज मानण्याचा प्रघात आहे. इंग्लंडमध्ये १५६३ च्या कायद्याने उमेदवारीची मुदत किमान सात वर्षे ठरवून दिली होती; ही तरतूद १८१४ मध्ये रद्द झाली. तथापि जुना उमेदवार बहुधा उस्तादाच्याच घरी राही, कराराने त्याला बांधलेला असे आणि त्याच्यामागे विद्यालय नसे. दोन्ही पद्धतींत काम करता करता शिकणे आहे हे खरे. पण एवढ्यावरून थेट वारसा सांगणे धाडसाचे ठरेल. वैद्यकातील परंपरा अधिक जवळची आहे. पॅरिसच्या रुग्णालयांत १८०२ पासून स्पर्धापरीक्षेने निवडलेले विद्यार्थी वॉर्डात राहून काम करू लागले. अमेरिकेत बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात (स्थापना १८८९) वैद्यकाचे प्राध्यापक विल्यम ऑस्लर यांनी रुग्णशय्येजवळच्या शिक्षणाला पद्धतशीर रूप दिले. मात्र निवासी डॉक्टरांची तेथील व्यवस्था पदवीनंतरची होती.

अभ्यासक्रमाच्या मध्येच कामाचा काळ घालण्याचा मान कोणाचा, याबद्दल मतभेद आहेत. ब्रिटिश लेखक संडरलँड तांत्रिक महाविद्यालयाकडे (१९०३) बोट दाखवतात. तेथे वर्गातील आणि कारखान्यातील सत्रे आलटून पालटून येत. अमेरिकन लेखक हर्मन श्नायडर यांना जनक मानतात. श्नायडर हे अभियंते. पेनसिल्व्हेनियातील लीहाय विद्यापीठात शिकवत असताना, जवळच्या पोलाद कारखान्यातील भट्टीचा आवाज ऐकून त्यांना ही कल्पना सुचली, अशी हकिकत सांगितली जाते. ती मागाहून रचलेली असण्याचा संभव आहे. नावारूपाला आलेल्या पदवीधरांपैकी अनेकांनी शिकत असताना कुठे ना कुठे काम केले होते, हे त्यांचे निरीक्षण जास्त विश्वसनीय वाटते. सिनसिनॅटी विद्यापीठात १९०६ साली २७ विद्यार्थ्यांनिशी त्यांनी योजना सुरू केली. विद्यार्थ्यांच्या जोड्या लावलेल्या असत : एक आठवडाभर वर्गात, तर त्याचा जोडीदार कारखान्यात; पुढच्या आठवड्यात अदलाबदल. त्यामुळे यंत्रावरची जागा कधी रिकामी राहत नसे आणि मालकालाही अडचण होत नसे. योजना टिकण्यामागे शिक्षणविचाराइतकाच या सोयीचाही वाटा असावा. संडरलँडची माहिती श्नायडर यांना होती असे मानण्यास सबळ आधार दिसत नाही. दोन्ही प्रयोग स्वतंत्रपणे उगवले, हे मत अधिक ग्राह्य आहे. पुढे ओहायोतील अँटिऑक कॉलेजने (१९२१) ही पद्धत अभियांत्रिकीबाहेर, साहित्य व समाजशास्त्राच्या विद्यार्थ्यांपर्यंत नेली. कॅनडातील वॉटर्लू विद्यापीठाने १९५७ मध्ये स्थापनेपासूनच ती स्वीकारली.

तात्त्विक बैठक : अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ डेव्हिड कोल्ब यांनी मांडलेले, अनुभव, चिंतन, संकल्पना व प्रयोग असे शिकण्याचे चक्र (१९८४) अनेक महाविद्यालयांच्या अहवाल-नमुन्यांत उतरलेले दिसते. विद्यार्थ्याला अधिक उपयोगी पडणारे विवेचन मानवशास्त्रज्ञ जीन लेव्ह व शिक्षणविषयक अभ्यासक एटिएन वेंगर यांचे (१९९१) आहे. नवखा माणूस कामाच्या कडेने आत शिरतो आणि हळूहळू मध्याकडे सरकतो, असे ते मांडतात. लेव्ह यांनी लायबेरियातील शिंप्यांच्या उमेदवारांचा अभ्यास केला होता. तेथे उमेदवार कापड बेतण्यापासून सुरुवात करीत नाही. आधी तयार कपड्याला काजबटण व हातशिलाई, मग यंत्रावर शिवण, आणि बेतणे अखेरीस, असा उलटा क्रम असतो. शेवटचे काम आधी हाती आल्याने कपडा पूर्ण कसा दिसतो हे त्याच्या डोळ्यांत बसते, आणि चुकीची किंमतही कमी राहते. बटण उसवता येते, कापलेले कापड जोडता येत नाही.

याच विवेचनात उलट उदाहरणही आहे. अमेरिकेतील मोठ्या दुकानांच्या मांसविभागातील उमेदवारांना वेष्टन बांधण्याच्या यंत्राशी उभे केले जाई. तेथून अनुभवी कारागीर मांस कसे कापतात ते दिसतच नसे. कामात ढिलाई नव्हती, माणसेही वाईट नव्हती; उभे राहण्याची जागाच चुकीची होती. आंतरवासितेतील पुष्कळ निराशेचे मूळ येथे सापडते. ‘मला फक्त फाइली लावायला देतात’ ही तक्रार नेहमी ऐकू येते. फाइल लावणे हे शिंप्याचे काजबटणही असू शकते किंवा वेष्टनाचे यंत्रही. ज्या कामाच्या त्या फाइली आहेत ते काम विद्यार्थ्याला पाहता येते की नाही, यावर सारे ठरते. म्हणून किरकोळ काम नाकारण्याऐवजी ते चोख करून, ते पुढे कोणाकडे जाते हे विचारावे आणि त्या टेबलाजवळ बसण्याची किंवा संबंधित बैठकीला हजर राहण्याची परवानगी मागावी. अशी विनंती सहसा नाकारली जात नाही. वारंवार नाकारली गेली, तर मात्र ते महाविद्यालयातील मार्गदर्शकांच्या कानावर घालणे रास्त ठरते.

रुजू होताना : विद्यार्थी, महाविद्यालय आणि संस्था यांच्यात लेखी करारपत्र असावे. त्यात मुदत, कामाचे तास, पर्यवेक्षकाचे नाव, विद्यावेतन, विमा आणि काय शिकावयाचे ते नमूद असावे. फ्रान्समध्ये असा त्रिपक्षी करार कायद्यानेच आवश्यक आहे. ‘विपणनाचा अनुभव घेणे’ अशी शिकण्याची उद्दिष्टे निरुपयोगी होत. ‘ग्राहकांच्या तक्रारींचे वर्गीकरण करून मासिक तक्ता स्वतंत्रपणे तयार करता येणे’ असे लिहिल्यास शेवटी ते साधले की नाही हे तपासता येते. पहिल्या दिवशी पर्यवेक्षकाकडून तीन गोष्टी स्पष्ट करून घ्याव्यात : अडचण आल्यास प्रथम कोणाला विचारायचे, झालेले काम कोण तपासणार आणि कोणत्या गोष्टीला विचारल्याशिवाय हात लावायचा नाही. कारखाना व प्रयोगशाळेत सुरक्षिततेची माहिती मिळेपर्यंत यंत्र किंवा रसायन हाताळू नये, मग कोणी कितीही घाई केली तरी.

दैनंदिनी : बहुतेक महाविद्यालये ती मागतात आणि बहुतेक विद्यार्थी ती शेवटच्या आठवड्यात एकदम भरतात. त्यामुळे तिचा सगळा उपयोग वाया जातो. पाण्याच्या तपासणी प्रयोगशाळेतील विद्यार्थ्याने ‘आज नमुने तपासले’ असे लिहिले, तर महिन्याभराने त्यातून त्याला स्वतःलाही काही कळणार नाही. त्याऐवजी : ‘एकाच नमुन्याचा सामू (पीएच) दोनदा वेगवेगळा आला. आधीच्या नमुन्यानंतर इलेक्ट्रोड ऊर्ध्वपातित पाण्याने धुतला नव्हता, हे मॅडमनी दाखवले. धुऊन, प्रमाण द्रावणाशी पुन्हा जुळवून घेतल्यावर वाचन स्थिर झाले. जुळवणी दिवसातून किती वेळा करतात ते उद्या विचारणे.’ या चार ओळींत घटना, कारण, उपाय आणि पुढचा प्रश्न आला. तोंडी परीक्षेत विचारले जाते ते नेमके हेच. चूक झाल्यास ती लपवू नये. वाचन खोडून नवे लिहिण्यापेक्षा जुने दिसेल अशी एकच रेघ मारून शेजारी नवे लिहावे व सही करावी, ही प्रयोगशाळांतील शिस्त अन्यत्रही चांगली.

गोपनीयता : रुग्ण, ग्राहक, पगार व दर यांची माहिती विद्यार्थ्याच्या नजरेस सहज पडते. ती खासगी ई-मेलवर पाठवणे, तिची छायाचित्रे समाजमाध्यमांवर टाकणे किंवा बाहेरच्या संगणकीय साधनांत भरणे टाळावे. अहवालात आकडे वा नावे वापरायची असल्यास आधी लेखी संमती घ्यावी, नाहीतर सादरीकरणाच्या आदल्या दिवशी पाने काढून टाकण्याची वेळ येते.

विद्यावेतन व कायदा : बिनपगारी आंतरवासितेबद्दल एकमत नाही. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९४७ मध्ये रेल्वेच्या प्रशिक्षणार्थींबाबत, प्रशिक्षण त्यांच्याच हिताचे असल्याने ते नोकर ठरत नाहीत, असा निर्णय दिला. २०१५ मध्ये तेथील एका संघीय अपील न्यायालयाने या व्यवहाराचा मुख्य लाभ कोणाला होतो ही कसोटी मांडली. फ्रान्समध्ये दोन महिन्यांहून अधिक मुदतीसाठी मोबदला सक्तीचा आहे. युरोपीय संघाच्या परिषदेने २०१४ साली केलेल्या शिफारशीत लेखी करार व पारदर्शकतेवर भर आहे. बिनपगारी कामामुळे ऐपत असलेल्या घरांतील मुलांनाच चांगल्या जागा परवडतात, हा आक्षेप गंभीर असून त्याला समाधानकारक उत्तर दिले गेलेले नाही. विद्यार्थ्याच्या दृष्टीने व्यवहारी प्रश्न एवढाच, की शिकवणारे कोणी नाही आणि रोजचे काम मात्र पगारी माणसाचे, अशी स्थिती असेल तर तिला आंतरवासिता म्हणता येत नाही. मुदत संपण्याची वाट न पाहता ही स्थिती महाविद्यालयाला कळवावी.

दूरस्थ आंतरवासिता : घरबसल्या संगणकावरून होणारी आंतरवासिता २०२० नंतर सर्वत्र पसरली. इतरांचे काम शेजारी बसून पाहण्याची संधी तीत आपोआप मिळत नाही. ती मागून घ्यावी लागते. पर्यवेक्षकाशी ठरलेल्या वेळी रोजचा छोटा संवाद आणि दुसऱ्याचे काम पडद्यावर पाहण्यासाठी आठवड्यातून एक सत्र, हे करारपत्रातच घालून घेणे श्रेयस्कर.